करंगळी नक्की कोण हलवतं? स्वतःच्या हातावर स्नायू शोधायची रीत

एमबीबीएस, फिजिओथेरपी किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षात तळहाताचा धडा आला की बहुतेक मुलं तक्ता पाठ करायला बसतात. स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, नर्व्ह कोणती, काम काय, असे चार रकाने. परीक्षेपुरता तो तक्ता टिकतो. पुढे एखादा रुग्ण समोर हात धरून बसला की नावं आठवतात, पण बोट नेमकं कुठे ठेवायचं ते सुचत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की हा धडा उलट्या क्रमाने शिकावा. आधी हालचाल करा, मग बोटाखाली स्नायू शोधा, नाव सगळ्यात शेवटी घ्या. सुरुवात करंगळीपासून करा, कारण तिचे महत्त्वाचे स्नायू तळव्याच्या कडेला कातडीखालीच सापडतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी वायरिंग एकाच नर्व्हची आहे. हार्मोनियम किंवा बासरी शिकताना करंगळी ऐकत नाही म्हणून वैतागलेल्यांनाही ही रीत उपयोगी पडेल.

साहित्य साधं आहे: टेबल, बॉलपेन, कागदाची पट्टी आणि स्वयंपाकघरातलं लाटणं. डावा हात टेबलावर तळवा वर करून ठेवा आणि उजव्या हाताने तपासा. डावखुऱ्यांनी उलट करावं.

आधी हिशेब सांगून ठेवतो. करंगळीची हाडं हलवणारे स्नायू नऊ. त्यांतले पाच तळव्यातच राहतात. उरलेले चार मनगट आणि कोपर यांच्यामधल्या भागात बसलेले असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांनी, करंगळी ओढतात. दहावा एक चिमुकला स्नायू आहे, तो फक्त कातडी हलवतो.

पायरी 1: हाडांच्या खुणा

करंगळीची तीन पेरं म्हणजे तीन हाडं. तळव्याजवळचं पहिलं, मग मधलं, मग नखाचं. पहिल्या पेराच्या मागे तळव्यात दडलेलं लांब हाड म्हणजे पाचवं मेटाकार्पल. पहिलं पेर आणि मेटाकार्पल जिथे भेटतात त्याला पुढे मी मुळाचा सांधा म्हणेन.

आता मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला, तळवा जिथे सुरू होतो तिथे दाबा. वाटाण्याएवढं टणक हाड लागेल. ते पिसिफॉर्म. मनगट किंचित आत वाकवून सैल सोडलं की हे हाड दोन बोटांच्या चिमटीत धरून थोडं इकडेतिकडे सरकवता येतं. पेनने तिथे ठिपका द्या.

दुसरी खूण शोधायला थोडा वेळ लागतो. उजव्या अंगठ्याच्या सांध्याची घडी पिसिफॉर्मवर टेकवा आणि अंगठ्याचं टोक डाव्या तर्जनीच्या मुळाकडे रोखा. टोक जिथे येतं तिथे हळूहळू खोल दाबा. मांसाच्या तळाशी एक कठीण, दाबल्यावर थोडं दुखणारं टोक लागतं. हा हॅमेट हाडाचा हूक. इथे जोर करू नका, कारण या दोन खुणांच्या मधूनच अल्नर नर्व्ह आणि तिच्या जोडीने अल्नर रक्तवाहिनी तळव्यात शिरते. या वाटेला गायॉन कॅनाल म्हणतात. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स गायॉन यांनी 1861 मध्ये तिचं वर्णन केलं होतं.

पुढे जाण्याआधी एक छोटी तपासणी. तर्जनीच्या मुळाच्या सांध्यावर मेटाकार्पलचं टोक धरून पुढेमागे हलवा. ते जवळजवळ हलत नाही. तसंच करंगळीचं धरा. ते सहज पुढेमागे होतं. तळव्याची अंगठ्याकडची मधली हाडं पक्की रोवलेली आणि करंगळीकडची सैल, हे लक्षात राहू द्या. पायरी 3 मध्ये त्याचं कारण कळेल.

पायरी 2: करंगळी बाहेर

सगळी बोटं सरळ आणि जुळलेली ठेवा. आता फक्त करंगळी बाहेर, म्हणजे अनामिकेपासून दूर न्या. उजव्या तर्जनीने करंगळीच्या पहिल्या पेराला बाहेरून आत ढकला आणि करंगळीने तो दाब परतवा. त्याच वेळी उजव्या अंगठ्याने तळव्याची कड चाचपा. पिसिफॉर्मपासून करंगळीच्या मुळापर्यंत एक लांबट, घट्ट फुगवटा उभा राहतो. हा ॲब्डक्टर डिजिटी मिनिमाय, थोडक्यात एडीएम. तो पिसिफॉर्मपासून निघून पहिल्या पेराच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूला जोडला जातो.

बाकीची बोटं फाकवण्याचं काम मेटाकार्पलांच्या मधले डॉर्सल इंटरॉसिअस स्नायू करतात. ते चार आहेत आणि एकही करंगळीच्या वाट्याला येत नाही. करंगळी बाहेर नेण्याची जबाबदारी जवळपास सगळी एडीएमवर आहे, म्हणूनच तपासणीत तो इतका कामाचा.

आता माझ्या आवडीची गोष्ट. उजव्या हाताचं एक बोट मनगटाच्या वर, पिसिफॉर्मच्या कोपराकडच्या बाजूला ठेवा आणि करंगळी पुन्हा जोरात बाहेर न्या. बोटाखाली एक दोरी ताणलेली जाणवेल. ही फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस या मनगट वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा. मनगट तर हललंच नाही, मग ती का ताणली गेली? पिसिफॉर्म सैल आहे हे आपण पाहिलं. एडीएम आकसला तर करंगळी बाहेर येण्याऐवजी पिसिफॉर्मच पुढे ओढलं जाईल. म्हणून मागून हा स्नायू त्याला पक्कं धरून ठेवतो. एका बोटाच्या एवढ्याशा हालचालीसाठी कोपरापासून निघालेला स्नायू कामाला लागतो. हे एकदा बोटाखाली जाणवलं की एडीएम कुठून निघतो हे पाठ करावं लागत नाही.

पायरी 3: वाकवणारा आणि वळवणारा

करंगळी मुळाच्या सांध्यात वाकवा, पण पुढची दोन्ही पेरं सरळ ठेवा. उजव्या तर्जनीने पहिल्या पेराला तळव्याच्या बाजूने थोडा विरोध करा आणि अंगठा एडीएमच्या किंचित आत, म्हणजे तळव्याच्या मध्याकडे सरकवा. इथे जो भाग घट्ट होतो तो फ्लेक्सर डिजिटी मिनिमाय ब्रेव्हिस. हॅमेटच्या हुकापासून निघून तोही पहिल्या पेराच्या बुडाशीच जातो. तो वेगळा लागला नाही तर निराश होऊ नका. काही जणांत तो एडीएमशी जुळलेला असतो, काहींमध्ये नसतोच. शिवाय याच हालचालीत पुढे येणारे दोन स्नायूही हातभार लावतात.

या दोघांच्या खाली, हाडाला लागून, ऑपोनन्स डिजिटी मिनिमाय आहे. तोही हॅमेटच्या हुकापासूनच निघतो, पण बोटापर्यंत पोहोचत नाही. तो मेटाकार्पलच्या बाहेरच्या कडेवर लांबवर चिकटतो. त्यामुळे तो बोट हलवत नाही, बोटाच्या मागचा तळवाच हलवतो. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करतो तसा तळवा खोलगट करा. अंगठ्याकडची बाजू आत येते, तशी करंगळीकडची कडही उचलून आत वळते. हे या स्नायूचं काम. पायरी 1 मध्ये पाचवं मेटाकार्पल सैल का होतं याचं उत्तर इथे मिळतं. ते हललं नसतं तर तळव्यात खळगा पडला नसता आणि पाणी धरता आलं नसतं.

आता अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा, दोन्हींचे मऊ भाग समोरासमोर येतील असं. बोटांच्या पेरांवर जप किंवा हिशेब मोजणाऱ्या माणसाचा अंगठा करंगळीच्या पेरांवर येतो तेव्हाही हीच जोडी काम करते. हे करताना मनगट थोडं आत वाकवलंत तर मनगटाच्या मधोमध एक कंडरा कातडीतून वर आलेली दिसेल. ती पामॅरिस लाँगस या स्नायूची. कुणाच्या एका हातात ती असते, कुणाच्या दोन्ही हातांत नसते. नसली तरी काही बिघडत नाही.

एडीएम, फ्लेक्सर आणि ऑपोनन्स हे तीन स्नायू मिळून तळव्याच्या करंगळीकडचा मांसल उंचवटा होतो. त्याला हायपोथेनर उंचवटा म्हणतात. अल्नर नर्व्हची खोल शाखा एडीएम आणि फ्लेक्सर यांच्या फटीतून आत जाते, पुढे ऑपोनन्सला भेदते आणि तळव्यात आडवी अंगठ्याकडे निघते. डिसेक्शनमध्ये ही फट सापडली की पुढचा रस्ता आपोआप सापडतो.

पायरी 4: कातडीचा स्नायू

करंगळी जोरात बाहेर ताणा आणि उंचवट्याच्या कडेची कातडी पाहा. बऱ्याच जणांना तिथे छोट्या सुरकुत्या किंवा खळी दिसते. हा पामॅरिस ब्रेव्हिस, आपल्या हिशेबातला दहावा. तो अल्नर नर्व्ह आणि रक्तवाहिनी यांच्यावर झाकणासारखा पसरलेला आहे. तळव्यातल्या अल्नर नर्व्हवर चालणाऱ्या स्नायूंपैकी फक्त हाच तिच्या वरवरच्या शाखेवर चालतो, बाकीचे खोल शाखेवर. तोंडी परीक्षेत हे विचारतातच.

पायरी 5: करंगळी आत

करंगळी आणि अनामिका पूर्ण सरळ ठेवून त्यांच्या फटीत कागदाची पट्टी धरा आणि दुसऱ्या हाताने ती ओढा. पट्टी रोखून धरताना करंगळी अनामिकेकडे येते ती पामर इंटरॉसिअसमुळे. अनामिका तिला उलट दाबते ती चौथ्या डॉर्सल इंटरॉसिअसमुळे. करंगळीचा पामर इंटरॉसिअस पाचव्या मेटाकार्पलच्या अंगठ्याकडच्या बाजूला बसलेला असतो. काही पुस्तकं त्याला तिसरा म्हणतात, काही चौथा. स्नायू एकच आहे, मोजायची पद्धत वेगळी.

इथे नवखे लोक हमखास बोटं वाकवतात. बोटं वाकली की लांब फ्लेक्सर, म्हणजे वाकवणारे, स्नायूच त्यांना एकमेकांवर ओढतात आणि लुळा इंटरॉसिअससुद्धा धडधाकट वाटतो. मित्रावर ही तपासणी करताना त्याचा हात टेबलावर सपाट ठेवा, म्हणजे चोरवाट बंद होते.

याच्या शेजारी चौथा लंब्रिकल आहे. तो खोल आहे, बोटाने चाचपता येत नाही, त्यामुळे नुसती हालचाल पाहायची: मुळाचा सांधा काटकोनात, पुढची पेरं ताठ. त्याचं वेगळेपण असं की तो कोणत्याच हाडापासून निघत नाही. तो लांब फ्लेक्सरच्या कंडरेवरून निघतो आणि बोटाच्या पाठीवरच्या पडद्यासारख्या कंडरेला जोडला जातो. म्हणून तो एकाच वेळी मुळाचा सांधा वाकवतो आणि पुढचे सरळ करतो. क्लॉ हॅन्ड, म्हणजे नखाळ पंज्यासारखा वळलेला हात, समजायचा असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

पायरी 6: लांबून ओढणारे

उजव्या हाताने डाव्या करंगळीचं मधलं पेर घट्ट धरा आणि फक्त नखाचं पेर वाकवा. हे काम एकाच स्नायूचं, फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचं. आता अनामिका आणि मधलं बोट मागे ताणून धरा आणि पुन्हा करंगळीचं नखाचं पेर वाकवून पाहा. ताकद गेल्यासारखी वाटते. या तीन बोटांच्या कंडरा बहुतेक एकाच मांसल भागातून निघतात, त्यामुळे एकीला रोखलं की शेजारणीही अडतात.

मधल्या पेराचा मालक फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिॲलिस. त्याच्यासाठी बाकीची तीन बोटं पूर्ण सरळ दाबून ठेवा आणि करंगळी मधल्या सांध्यात वाकवा. जमलं तर नखाचं पेर लुळं लोंबतं. अनेकांना हे जमत नाही आणि ते घाबरतात. करंगळीची ही कंडरा काही जणांत खूप बारीक असते, अनामिकेच्या कंडरेला जोडलेली असते किंवा मुळातच नसते. अनामिका मोकळी सोडून पुन्हा करून पाहा. तेव्हा जमलं तर जोडलेली आहे. दोन्ही हातांवर करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

लाटणं मुठीत घट्ट धरा आणि दुसऱ्या कुणाला ते ओढायला सांगा. मग करंगळी उचलून तेच करा. पकड लगेच ढिली पडते. कुदळ, हातोडी, बॅट असं दांड्याचं काहीही धरताना करंगळी आणि अनामिका दांडा तळव्यात दाबून ठेवतात, तर्जनी आणि अंगठा मुख्यतः दिशा देतात. करंगळीला शेवटचं, नाजूक बोट समजणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

पायरी 7: करंगळी वर

मूठ वळा आणि फक्त करंगळी सरळ उभी करा. शाळेत बाईंना न बोलता बाहेर जायची परवानगी मागायची खूण, तीच. आता तसंच फक्त अनामिकेला उभं करून पाहा. ती अर्ध्यावर अडकते. अनामिकेची सरळ करणारी कंडरा शेजारच्या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेली आहे. करंगळीला मात्र स्वतःचा खास स्नायू आहे, एक्स्टेन्सर डिजिटी मिनिमाय. मनगटाच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसतो. त्याच्या किंचित आत बोट ठेवून करंगळी वरखाली केली की त्याची बारीक कंडरा सरकताना कळते. सगळ्या बोटांना सरळ करणाऱ्या एक्स्टेन्सर डिजिटोरमचा फाटाही काहींच्या करंगळीला येतो, पण तो बहुधा किरकोळ असतो. भरतनाट्यममधली मृगशीर्ष मुद्रा धरताना मधली तीन बोटं वाकलेली आणि करंगळी ताठ राहते, तीही याच स्नायूच्या भरवशावर.

पायरी 8: नर्व्हचा धागा

कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो, तो अल्नर नर्व्हचा. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागे ती एका खोबणीत असते. तिथे बोट आडवं फिरवा, दोरीसारखी सरकेल. तळव्यातले करंगळीचे पाचही स्नायू आणि पामॅरिस ब्रेव्हिस तिच्यावर चालतात. प्रोफंडसचा करंगळी-अनामिकेचा अर्धा भागही तिचाच. सुपरफिशिॲलिस मीडियन नर्व्हवर, तर सरळ करणारे स्नायू रेडियल नर्व्हच्या खोल शाखेवर. नऊ स्नायू, तीन नर्व्ह, एवढाच हिशेब.

ही नर्व्ह कमजोर झाली की करंगळी कशी वागते हे आता तुम्ही स्वतः सांगू शकता. पामर इंटरॉसिअस लुळा पडला आणि एक्स्टेन्सर शाबूत राहिला, तर करंगळी नकळत बाहेर राहते आणि खिशात हात घालताना अडकते. लंब्रिकल आणि इंटरॉसिअस दोन्ही गेले, तर मुळाचा सांधा मागे ताणला जातो आणि पुढची पेरं आत वळतात. हाच क्लॉ हॅन्ड. इजा कोपराजवळ झाली तर प्रोफंडसही लुळा पडतो, त्यामुळे पेरं कमी वळतात आणि हात उलट बरा दिसतो. दिसण्यावर जाऊ नका, नुकसान तिथे जास्त असतं.

इजा कोणत्या पातळीला आहे हे ओळखायची आणखी एक सोपी युक्ती आहे. हाताच्या पाठीवरच्या करंगळीकडच्या कातडीची संवेदना देणारी शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच वेगळी होते. म्हणून बोटांत मुंग्या असून हाताची पाठ ठीक असेल तर बिघाड गायॉन कॅनालजवळ असण्याची शक्यता जास्त. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हँडलच्या दाबाने हे होतं. पाठही बधिर असेल तर कोपराकडे पाहा.

आपल्या देशात हा धडा आणखी एका कारणासाठी जीव लावून शिकायला हवा. कुष्ठरोगात हातापायांच्या ज्या मोठ्या नर्व्ह बाधित होतात, त्यांत अल्नर सर्वांत जास्त वेळा सापडते. कोपराच्या थोडी वर ती जाड आणि दुखरी लागू शकते. राष्ट्रीय कार्यक्रमातले आरोग्य कर्मचारी स्नायूंची ताकद तपासताना अल्नरसाठी नेमकी पायरी 2 मधली चाचणी करतात: तळवा वर, करंगळी बाहेर, तपासणारा तिच्या बुडाशी आत ढकलतो. नोंद तीनच प्रकारची: ताकदवान, कमजोर, लुळा. कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडच्या उपचाराने ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. म्हणून ही अर्ध्या मिनिटाची तपासणी वेळेवर होणं फार मोलाचं आहे. वाकडी झालेली बोटं कंडरा बदलून पुन्हा कामाला लावण्याच्या शस्त्रक्रियेवर डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1940 च्या दशकाच्या अखेरीस पायाभूत काम केलं. आज कुष्ठरोगाची बहुऔषधी, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याची, उपचारपद्धती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

सराव कसा करावा

पहिल्या दिवशी पायरी 1 आणि 2 एवढंच करा. पिसिफॉर्म डोळे मिटून सापडायला लागलं की पुढे जा. मग स्वतःचा हात सोडून वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे हात मागा: आजीचा, शेतात राबणाऱ्या काकांचा, लहान भावाचा. राबणाऱ्या हाताची कातडी जाड असल्याने एडीएमचा फुगवटा कमी जाणवतो, तिथे दाब थोडा वाढवावा लागतो. लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये पिसिफॉर्म दिसलं नाही तर गोंधळू नका. मनगटाच्या हाडांत ते सगळ्यात शेवटी, साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान कठीण होतं. प्रत्येकाचे दोन्ही हात तपासा आणि फरक वहीत लिहा.

तपासताना करंगळी-अनामिकेत सतत मुंग्या, तळव्याची कड बसलेली, करंगळी बाहेर ढकलताना एका हाताची ताकद स्पष्ट कमी किंवा कातडीवर बधिर चट्टा आढळला, तर व्यायाम सुचवत बसू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवा. काचेने किंवा सुरीने करंगळी तळव्याच्या बाजूला कापली असेल आणि जखम किरकोळ दिसत असेल, तरी डॉक्टरकडून पायरी 6 च्या दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या करून घ्या. नखाचं पेर वाकत नसेल तर आतली कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी नुसते टाके घालून थांबू नका, त्याच आठवड्यात हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाला दाखवा.